उपासना चुकते, पण आजीला सोडवत नाही

प्रिय ताई, प्रभूच्या नावात सलाम.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात राहते. गावात आमच्यासकट पाच घरं ख्रिस्ती. चार एकर कोरडवाहू वावर आहे, कापूस अन् तूर. मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या आजीला लकवा मारला, उजवी बाजू पूर्ण गेली. तिचा मुलगा पुण्याला कंपनीत आहे. पैसे कधी पाठवते, कधी नाही. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ मीच जाते. तिला धुते, पुसते, चारते. रविवारची उपासना तालुक्याला असते. आजीचं आवरेपर्यंत गाडी निघून जाते. मंडळीतली एक बहीण म्हणाली, ‘देवाला सोडून तू बुढीच्या मागं लागली.’ इकडे गावात बोलतात की मी आजीला ख्रिस्ती करायला जाते. मुलानंही फोनवर तसंच विचारलं. हे सगळं मी सोसून घेतलं असतं. पण वर्ष होत आलं, प्रार्थनेला बसते तर काहीच वाटत नाही. पहिले डोळे भरून यायचे. आता तोंडानं म्हणते अन् मन कोरडं राहते. कितीकदा बसल्या जागी डोळा लागतो. नाताळच्या उपासनेत सगळ्या बाया रडल्या, मी नुसती उभी. देव मला सोडून गेला का? का मीच त्याला सोडलं?

– एक बहीण, जि. यवतमाळ

प्रिय भगिनी, सलाम.

तुमच्या शेवटच्या दोन प्रश्नांचं उत्तर आधी देते, कारण पत्र त्यांच्यासाठीच लिहिलंय हे कळतंय. नाही. देव तुम्हाला सोडून गेलेला नाही, आणि तुम्हीही त्याला सोडलेलं नाही. तुमचं मन राखायला मी हे म्हणत नाही. शास्त्रात तसं आहे म्हणून म्हणते.

मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पंचविसावा अध्याय काढा. शेवटच्या न्यायाचा तो भाग आपण लहानपणापासून ऐकतो आणि त्यातलं एकच वाक्य लक्षात ठेवतो: या माझ्या लहानातल्या लहान भावांपैकी एकाला तुम्ही जे केलं, ते मलाच केलं. त्याच्या आधीचं संभाषण मात्र आपल्या हातून सुटतं. राजा, म्हणजे न्यायाला बसलेला प्रभू, आपल्या उजवीकडच्यांना म्हणतो, मी भुकेला होतो, तुम्ही मला खायला दिलं; आजारी होतो, माझ्या समाचाराला आलात. त्यावर ते लोक ‘हो प्रभू, आम्हाला ठाऊक होतं’ असं म्हणत नाहीत. ते चक्रावतात. ‘प्रभू, आम्ही तुला केव्हा भुकेला पाहिलं? केव्हा परका पाहिलं? केव्हा आजारी पाहिलं?’ तीनदा ‘केव्हा’ विचारतात.

म्हणजे भाकर देताना त्यांना काहीही जाणवलेलं नव्हतं. अंगावर काटा आला नव्हता, डोळे भरले नव्हते, समोर प्रभू आहे अशी शंकासुद्धा मनाला शिवली नव्हती. भुकेला दिसला, जेवू घातलं, एवढंच. आणि राजा त्यांना ‘तुम्ही मला ओळखलं कसं नाही?’ असं एका शब्दानंही विचारत नाही. ज्यांनी काहीच दिलं नव्हतं ते डावीकडचे लोकही हाच प्रश्न करतात, ‘केव्हा पाहिलं?’ ओळखलं कोणीच नव्हतं, ना यांनी ना त्यांनी. फरक होता तो हातांनी काय केलं याचा.

त्या भुकेल्यात आणि आजाऱ्यात प्रभू होताच. कोणाला जाणवलं म्हणून आला आणि नाही जाणवलं म्हणून निघून गेला, असं झालं नाही. तुम्ही वर्षभर सकाळी ज्या बाजेपाशी उभ्या राहता, तिथे तो तुमच्या आधीपासून आहे. उपासनेत डोळे भरून येतात तेव्हा त्याबद्दल देवाचे आभार मानावेत. ती त्याचीच देणगी आहे. पण त्या पाण्यावरून त्याची हजेरी मोजायची नसते. नाताळला तुम्ही नुसत्या उभ्या राहिलात असं लिहिता. उभ्या तर होतात!

हे वाचून एक गोष्ट मात्र करू नका. उद्यापासून आजीच्या चेहऱ्यात येशू शोधायचा प्रयत्न सुरू करू नका. सेवेवर बोलताना बरेच उपदेशक तसं सांगतात, मला ते पटत नाही. त्या उजवीकडच्यांनी भुकेल्याला भुकेला म्हणूनच पाहिलं होतं, आणि राजाला तेच आवडलं. आजीला आजीच राहू द्या. तिला मुगाची खिचडी रोज-रोज नकोशी झाली असेल, तर ज्वारीच्या कण्या शिजवून ताकात कालवून द्या. डाव्या हातानं चमचा धरायचा तिचा हट्ट असेल तर धरू द्या, सांडलं तर सांडलं. लकव्यानं बोलणं अडखळतं, पण ऐकणं आणि समजणं बहुतेकदा शाबूत असतं, म्हणून तिच्यासमोर तिच्याविषयी बोलू नका, तिच्याशीच बोला. लुगडं कोणतं नेसायचं, दार उघडं ठेवायचं की लोटायचं, हे तिला विचारा. अंग धुताना आडोसा करा. घरात दुसरं माणूस नसलं तरी करा.

आता तुमच्या डोळा लागण्याविषयी. वेचणीला जाणारी बाई लेकराला धुऱ्यावरच्या कडूनिंबाला झोळी बांधून निजवते. लेकराला आई कापसाच्या कुठल्या ओळीत आहे याचा पत्ता नसतो; ते झोपलेलं असतं. आईचे हात बोंडांवर आणि कान झोळीकडे. एकशे एकविसाव्या स्तोत्रात इस्राएलाचा राखणदार झोपत नाही, डुलकीही घेत नाही असं म्हटलंय. जागं राहायचं काम त्यानं स्वतःकडे घेतलंय, तुमच्याकडे दिलेलं नाही. दिवसभर निंदण, दोन वेळचं आजीचं, घरचा स्वयंपाक, आणि रात्री दहाला प्रार्थनेला बसून डोळा लागला, तर त्यात पाप कसलं? गेथशेमाने बागेत खुद्द पेत्र, याकोब आणि योहान झोपले, तेव्हा प्रभूनंच सांगितलं की आत्मा उत्सुक आहे पण देह अशक्त आहे.

एलियाची गोष्टही या दिवसांत पुन्हा वाचा. पहिल्या राजांच्या पुस्तकातला एकोणिसावा अध्याय. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला तो संदेष्टा, ईजबेल राणीच्या धमकीनं रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि देवाला म्हणाला, आता पुरे, माझा जीव घे. देवानं त्याला त्या घटकेला उपदेश केला नाही. ‘तुझा विश्वास कुठे गेला?’ असंही म्हटलं नाही. देवदूतानं त्याला हात लावून उठवलं. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर होती आणि पाण्याचं भांडं. तो जेवला आणि परत झोपला. दूतानं दुसऱ्यांदा उठवलं, पुन्हा खाऊ घातलं, आणि कारण सांगितलं: वाट तुला झेपणारी नाही. देवाचं त्याच्याशी बोलणं झालं ते पुढे, होरेब डोंगरावर, आणि तेही शांत, मंद वाणीत. आधी जेवण आणि झोप, मग बोलणं, हा क्रम देवानंच लावला. म्हणून रात्रीची लांब प्रार्थना काही दिवस बंद ठेवा. सकाळी चूल पेटवताना प्रभूची प्रार्थना म्हणा, आजीकडे जाताना एखादं वचन मनात घ्या, आणि रात्री वेळेवर झोपा.

थोडं वेगळंही विचारून ठेवते. झोप येतच नाही, जेवण जात नाही, कशातच जीव रमत नाही, जगून काय करायचं असं मनात येतं, यातलं काही असेल, तर तो केवळ आत्मिक कोरडेपणा नव्हे. मग प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना भेटा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या नंबरवर दिवस-रात्र केव्हाही फोन लागतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. आपल्या भागात किती घरांनी ही गोष्ट उशिरा ओळखली आणि काय सोसलं, हे तुम्हाला मी सांगायला नको. डॉक्टरकडे जाण्यानं विश्वास उणा होत नाही.

मंडळीतल्या बहिणीच्या बोलण्यावर फार वेळ घालवत नाही. याकोबाच्या पत्राच्या पहिल्या अध्यायात शुद्ध धर्माचरण म्हणजे अनाथांचा आणि विधवांचा त्यांच्या संकटात समाचार घेणं असं म्हटलंय, आणि तुमची आजी विधवाच असावी. तरी उपासना मात्र कायमची सुटू देऊ नका. तुम्हाला इतरांच्या आवाजात गीत ऐकायची, प्रभुभोजन घ्यायची गरज आहे. पाळकसाहेबांना सांगा, महिन्यातून एकदा एखाद्या मधल्या वारी संध्याकाळी तुमच्या गावी उपासना घ्या म्हणावं. पाच घरं आहेत, दोघं-तिघं जमले तरी चालतं असं प्रभूनंच सांगितलंय. ती उपासना तुमच्या अंगणात करा, आजीच्या घरात नको. का ते आता लिहिते.

गावाच्या संशयाला चिडून उत्तर देऊ नका, कारण तो संशय हवेतून आलेला नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत वऱ्हाड आणि मध्य प्रांतात माणसं अक्षरशः रस्त्यावर मेली. मिशनच्या लोकांनी अनाथ लेकरं उचलली, कांजी पाजून जगवली. पंडिता रमाबाईही मध्य प्रांतातून उपाशी मुली केडगावला घेऊन गेल्या. आपल्याकडच्या कित्येक जुन्या ख्रिस्ती घराण्यांचं मूळ त्या अनाथाश्रमांत आहे. त्या सेवेबद्दल मला मनापासून आदर आहे. ती झाली नसती तर ती लेकरं वाचली नसती. पण ती लेकरं मिशनच्याच धर्मात वाढली, हेही तितकंच खरं, आणि गावं असं विसरत नाहीत. म्हणून भाकरीमागे काहीतरी अट असणार, असं लोकांना वाटतं.

याला उत्तर एकच, अट नसलेली भाकर वर्षानुवर्षं देत राहणं. जो माणूस पाण्याच्या पेल्यासाठी आपल्यावर अवलंबून आहे, त्याला आपल्याला ‘नाही’ म्हणायची मोकळीक नसते. अशा माणसापुढे आपला धर्म ठेवणं म्हणजे त्याच्या लाचारीचा फायदा घेणं. प्रभूच्या दाखल्यातल्या भल्या शोमरोन्यानं वाटेत पडलेल्या परक्या जखमीला तू कोणत्या डोंगरावर भक्ती करतोस असं विचारलं नाही, आणि ही गोष्ट प्रभूनं सांगितली तेव्हा यहूदी आणि शोमरोनी यांच्यातलं वैर काही लहान नव्हतं. तेव्हा आजीच्या उशाशी पत्रिका नको, भिंतीवर वचनाचं कॅलेंडर नको. तिचा देव्हारा जिथे आहे तिथेच राहू द्या. संध्याकाळी दिवा लागावा असं तिला वाटत असेल आणि तुमच्या मनाला ते पटत नसेल, तर शेजारच्या सुनेला हाक मारा, ती लावून जाईल. तुकडोजी महाराजांची भजनं तिला आवडत असतील तर मोबाइलवर लावून द्या. तिच्यासाठी प्रार्थना करा, जरूर करा, पण आपल्या घरी. कधी तिनं आपणहून विचारलं की बाई, तू का करतेस एवढं, तर लपवू नका. खरं ते दोन वाक्यांत सांगा आणि पुन्हा कामाला लागा.

मुलाला तुम्हीच फोन करा. तो विचारील तेव्हा बचाव करण्यापेक्षा आधीच सांगितलेलं बरं: तुझ्या आईला मी काही शिकवत नाही, घरी केव्हाही ये, कोणालाही विचार, शेजारणीही असतात. आणि शेजारणी खरंच असू द्या. गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्या-नागड्याला वस्त्र, अंध-पंगू-रोग्याला औषधोपचार ही त्यांची शिकवण गावातल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. मत्तयाचा पंचविसावा अध्याय आणि ही शिकवण शेजारी ठेवून पाहा, यादी जवळजवळ तीच निघते. तुम्ही करता ते गावाला परकं नाही. त्या कामात गावातल्या बायांना सामील करून घेणं अवघड जाऊ नये. बचत गटाच्या बैठकीत सरळ विषय काढा: सोमवारी कोण, गुरुवारी कोण.

यावर तुमच्या मनात येईल, मग ती माझी सेवा कशी राहिली? पुन्हा शोमरोन्याकडे बघा. त्यानं जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवलं, उतारशाळेत नेलं, रात्रभर काळजी घेतली. दुसऱ्या दिवशी मात्र उतारशाळेच्या मालकाच्या हातात दोन दीनार ठेवले, याची काळजी घे, जास्त लागलं तर परत येताना देईन म्हणाला, आणि आपल्या वाटेनं गेला. त्याचं जिथे काम होतं तिथे तो गेला. दुसऱ्याच्या हाती सोपवलं म्हणून प्रभूनं त्याला कमी लेखलं नाही. उलट ‘जा आणि तूही तसंच कर’ असं म्हणून त्यालाच नमुना ठरवलं. सगळं एकटीनं ओढण्यात पुण्य आहे असं आपल्या बायांना लहानपणापासून शिकवलं जातं. ते शास्त्रातून आलेलं नाही.

मुलाला त्याच्या वाट्यातून सूट देऊ नका. २००७ च्या कायद्यानं आई-वडिलांचा निर्वाह ही मुलांची जबाबदारी आहे. धमकी म्हणून हे तोंडावर मारू नका, पण दर महिन्याला ठरलेली रक्कम पाठव, औषधाचा आणि एका मदतनीस बाईचा खर्च तुझा, एवढं स्पष्ट बोला. सरकारकडून जे मिळण्यासारखं आहे तेही मागा. पासष्टच्या पुढच्या निराधारांसाठी श्रावणबाळ योजनेत महिन्याला १५०० रुपये मिळतात. उत्पन्नाची अट आहे, आजी त्यात बसते का ते तलाठ्याला विचारून तहसीलला अर्ज द्या. सुरू झाल्यावर दरवर्षी हयातीचा दाखला द्यायला विसरू नका, पुष्कळांचे पैसे तिथेच अडतात. वय सत्तरच्या वर असेल तर उत्पन्न न पाहता आयुष्मानचं वयवंदना कार्ड निघतं, त्यात वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय आहे. आजीचं आधार कार्ड हाताशी ठेवून आशाताईला घरी बोलवा.

अंथरुणाची काळजीही दोन शब्दांत सांगते, कारण जखमा झाल्या तर तुमचा आणि तिचा दोघींचा त्रास दुप्पट होईल. दर दोन तासांनी कूस बदलायला हवी. तुम्ही वावरात असता तेव्हा हे काम कोणाचं ते वाटून घ्या. माकडहाड, टाचा, खुबे रोज बघा. लाल झालेली जागा चोळू नका, तिच्यावरचा भार काढा. चारताना पाठीला लोड देऊन नीट बसवा, निजवून घास देऊ नका, आणि जेवणानंतर अर्धा तास तरी बसवून ठेवा. पाणी पिताना ठसका लागत असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला, अन्न श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. रक्तदाबाची गोळी एक दिवसही चुकवू नका, ती सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. आणि बोलणं अचानक आणखी अडखळलं, तोंड वाकडं झालं किंवा दुसरी बाजू ढिली पडली, तर कोणाची वाट न पाहता १०८ ला फोन करा.

शेवटचं. वेचणी आटोपली की दोन दिवस माहेरी जाऊन या. त्या दोन दिवसांत आजीकडे सकाळी कोण आणि संध्याकाळी कोण, हे जाण्याआधी ठरवा, मुलाला कळवा, आणि आजीलाही स्वतः सांगून निघा.